दोरीपलीकडची जलपर्णी

चंदीगडला जाऊन आलो म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. दगडांची बाग पाहिली का आणि सुखना तलावात बोट चालवली का. बाग पाहिली नाही. सुखनाला गेलो, पण बोटीत बसलो नाही. काठावर उभं राहून पाण्यात काय काय वाढलंय ते बघत बसलो. त्या दिवशी पाणी चांगलं स्वच्छ होतं, त्यामुळे माझा रस लगेच संपला. मागे डोंगरांची निळी ओळ होती, ती मात्र परत परत बघितली.

मी मिरजेत जलपर्णी काढायची यंत्रं बनवतो. वेल्डरच्या हाताखाली काम शिकलो आणि पहिली नाव साखर कारखान्यातल्या भंगारातून उभी केली. पुढे कापायची पाती, मागे सरकता पट्टा, दोन बाजूंना पिंपं. लोक हसले होते. नंतर त्याच लोकांनी आपापल्या तळ्यांवर बोलावलं. शिक्षण दहावीपर्यंत. बाकी जे शिकलो ते समोरच्याशी भाव करताना शिकलो. समोरचा केव्हा खरं बोलतोय आणि केव्हा नुसता उठून जायचं नाटक करतोय, हे मला त्याच्या चपलेकडे बघून कळतं.

मुलगी अश्विनी, आमची आशू, हिला पाण्यातल्या वनस्पतींचाच अभ्यास करायचा होता. मला वाटलं, वा, घरचा धंदा घरात राहिला. ती चंदीगडला विद्यापीठात संशोधनाला गेली. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका नगरपालिकेत तळ्यासाठी बैठक होती. ती सुट्टीवर आलेली, म्हणून मीच तिला मिरवायला घेऊन गेलो. अध्यक्षांनी विचारलं, "ताई, तुम्ही तज्ज्ञ, तुम्ही सांगा, वडिलांच्या यंत्राने तळं कायमचं साफ होईल ना?" ती उभी राहिली आणि म्हणाली, "नाही. नुसत्या यंत्राने होणार नाही. तुकडे राहतात, बी चिखलात वर्षानुवर्षं टिकतं. पुन्हा वाढेल."

काम गेलं. त्यानंतर आमचं बोलणं तिच्या आईमार्फत चालायचं. "तिला विचार, थंडी वाजते का." "ते विचारतायत, थंडी वाजते का." असं.

या श्रावणात तिचा फोन आला, तो थेट मला. "पप्पा, याल का? काम आहे."

सेक्टर पंधरा

स्टेशनबाहेर एक रिक्षावाला माझ्याजवळ आला. त्याने आकडा सांगितला, मी निम्मा सांगितला, त्याने डोक्याला हात लावला, मी वळलो. म्हणजे सगळं व्यवस्थित सुरू झालं होतं. तेवढ्यात आशू आली आणि म्हणाली, "पप्पा, गाडी बोलावलीय मी, फोनवर भाव ठरलेला असतो." रिक्षावाला आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. दोघांचीही निराशा झाली.

शहर सरळ आहे, इतकं सरळ की मला त्रास झाला. रस्ते पट्टीने आखलेले, चौकाचौकात गोल, दोन्ही बाजूंना मोठी झाडं, आणि वस्त्यांना नावांऐवजी आकडे. आमच्याकडे पत्ता सांगताना देऊळ येतं, पिंपळ येतो, कुणाचं तरी बंद पडलेलं दुकान येतं. इथे पत्ता म्हणजे बेरीज. पत्ता विचारावाच लागत नाही, म्हणून कुणाशी बोलणंही होत नाही. पण सावली एवढी की ऑगस्टच्या उकाड्यात चालत हिंडता येतं, हे कबूल करायला हवं.

आशूची खोली गच्चीवर आहे. गच्चीभर प्लास्टिकचे टब आणि टबांत जलपर्णी! मी आयुष्यभर जी उपटली ती माझी मुलगी कुंडीत लावते. तिच्या आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी मी टेबलावर ठेवली. संध्याकाळी तिचे दोघे मित्र आले. एक लातूरचा, मोठ्या इस्पितळात डॉक्टरी शिकणारा, आणि एक नाशिकची, औषधांवर संशोधन करणारी. दोघांनी मिळून चटणीचा निम्मा डबा संपवला. "काका, यार, इथं सगळ्याला पनीर घालतात," लातूरकर म्हणाला. त्याचं मराठी ऐकून मला वाटलं, हा परत जाईल तेव्हा याच्या आईला दुभाषा लागेल.

ते गेल्यावर आशूने टबातलं एक पान तोडून माझ्यापुढे धरलं. पानावर देवीच्या व्रणांसारखे फिकट ठिपके होते. तिने देठाच्या आतून नखाने एक भुंगा बाहेर काढला. तांदळाच्या दाण्याएवढा, मातकट रंगाचा, पुढे सोंड. मी बोट लावलं तर पाय आखडून पडला.

"मेला?"

"नाही. सोंग घेतो. थोडं थांबा."

थांबलो. तो हळूच उठला आणि चालू लागला. खरं सांगतो, मला तो पहिल्यांदा आवडला तो तेव्हा. समोरच्याचा अंदाज येईपर्यंत मेल्यासारखं पडून राहायचं, ही माझीच पद्धत आहे.

"हे फक्त जलपर्णी खातात, दुसरं काही नाही," ती म्हणाली. "मोहालीच्या पुढे एका गावात तळं आहे, तिथं तीन वर्षांपूर्वी सोडलेत. माझं सगळं काम तिथं आहे. थंडीत सुस्त पडतात, म्हणून वेळ लागला. आता कुठे पानं लहान व्हायला लागलीत. आणि सरपंचाने औषध आणून ठेवलंय. फवारणार. जत्रेआधी."

"फवारलं की?"

"जलपर्णी मरेल. तिच्याबरोबर भुंगे. माझी तीन वर्षं."

"मग मला यंत्र आणायला सांगायचंस ना."

"यंत्र नको." तिने पान खाली ठेवलं. "मला भाव करता येत नाही, पप्पा. तुम्हाला येतो."

मी चटणीच्या डब्याचं झाकण घट्ट लावत बसलो. पण दोन वर्षांत घरच्या कुणी माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं नव्हतं.

गाव

गावाचं नाव लिहीत नाही. मोहाली संपल्यावर बांधकामांचे सांगाडे संपत जातात आणि भाताची शेतं सुरू होतात. भात आपल्या कोकणातल्यासारखाच, पण जमीन पाटासारखी सपाट. पावसाने हवा धुतलेली, त्यामुळे दूरवर कसौलीचे डोंगर अगदी घरामागे असल्यासारखे दिसत होते.

गावतळ्याला तिकडे छप्पड म्हणतात. हे छप्पड चांगलं मोठं. एका अंगाला गुरुद्वारा, एका अंगाला जत्रेचं मैदान, आणि मधे पाणी असावं असा अंदाज. कारण दिसत काहीच नव्हतं. काठापासून काठापर्यंत हिरवं, आणि वर जांभळी फुलं. जलपर्णीला तिकडे नुसतं बूटी म्हणतात. माझा हात आपोआप कमरेवर गेला. असं तळं बघितलं की माझ्या डोक्यात पाती फिरायला लागतात.

सरपंच बलकार सिंग, साधारण माझ्याच वयाचे. दार भरून टाकेल एवढा माणूस. कान चुरगळलेले. मी ते कान बघितले आणि विचारलं, "पहलवान थे आप?"

"थे नहीं जी, हैं," ते म्हणाले. "बस घुटने नहीं मानते."

मग अर्धा तास कुस्ती! आमच्याकडे तांबड्या मातीत ताक, हळद, तेल घालतात हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "मिट्टी को मसाला? हम तो खेत खोदते हैं और लड़ते हैं." जत्रा म्हणजे कुस्त्यांचीच होती. तिला ते छिंज म्हणतात. शेवटची मोठी कुस्ती झंडीची. पाहुणे गावोगावहून येणार, म्हणून तळं साफ हवं. व्हरांड्यात औषधाचे कॅन रांगेने मांडलेले होते.

जेवायला कोंबडी आली. मी हात जोडले. "श्रावण आहे."

"सावन तो गया जी. अब तो भादों है."

"आमचा अजून आहे."

सरपंचांच्या आई, सगळे त्यांना बीजी म्हणतात, बाजेवर बसून ऐकत होत्या. त्या खूश झाल्या. "एक ही चाँद, दो महीने," म्हणाल्या आणि माझ्यासाठी कढी-भात मागवला. कढी आमच्यासारखी पातळ नाही, आत भज्यांचे गोळे, आणि वर त्यांनी स्वतःच्या हाताने पांढऱ्या लोण्याचा गोळा ठेवला. नको म्हणालो तर दुसरा ठेवला. त्या घासाघिशीत मी साफ हरलो. तिकडे नको म्हणणं ही जास्त मागायची रीत असावी.

जेवण झाल्यावर मी कामाला लागलो.

"सरपंचसाहेब, छिंज कधी?"

"अगला बुधवार."

"आणि औषध कधी मारणार?"

"कल-परसों."

मी जरा वेळ लस्सी प्यायलो. घाई करायची नसते. मग माझ्या हिंदीत म्हणालो, "बढ़िया. आज मारो. चार दिन में सब काला पड़ेगा, फिर सड़ेगा, नीचे बैठेगा. मछली ऊपर आएगी. बुधवार को पहलवान मैदान में, और नाक पर रुमाल. झंडी की कुश्ती नाक पकड़के होगी." हे मी बनवून सांगत नव्हतो. एकदा आमच्याकडे एका गिऱ्हाइकाने माझं न ऐकता फवारणी केली होती, त्या वासाने शेजारच्या मंगल कार्यालयातली पंगत उठली होती.

सरपंचांनी कॅनकडे बघितलं. त्यांच्या चपला सरळ झाल्या, म्हणजे माणूस आता ऐकतोय.

"तो फिर आपकी बेटी का कीड़ा? तीन साल हो गए जी. मैंने कभी ना नहीं कहा. पर गारंटी क्या है? कीड़ा इसको खत्म कर देगा?"

मी आशूकडे बघितलं. एक शब्द बोलायचा होता. हाँ. एवढाच.

"नहीं जी," ती म्हणाली. "खत्म नहीं होगी. कम होगी. धीरे-धीरे. और नज़र रखनी पड़ेगी."

माझं डोकं फिरलं. नगरपालिकेतली ती बैठक, तो अध्यक्ष, सगळं समोर आलं. मी तिथेच, परक्या घरात, मराठीत ओरडलो. "तुला काय रोग आहे का गं? जमत आलेलं होतं! खोटं बोल म्हणत नाही मी, गप्प तरी बस!"

"ते विचारत होते, पप्पा. गप्प बसणं म्हणजे हो म्हणणंच झालं."

"मग होऊ दे ना हो!"

"आणि दोन वर्षांनी? तुम्ही इथं नसाल, मी असेन."

"त्या वेळीही असंच. माझ्याच पोरीने, भर सभेत..."

"तुम्हीच नेलं होतं मला. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. आजही तेच सांगेन."

बीजींना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण त्यांनी मान इकडून तिकडे फिरवत भांडण मजेत बघितलं. मधे थांबलो तेव्हा त्या मला म्हणाल्या, "धी नाल क्यों लड़दा ऐं? सच्ची गल्ल कर रही है." लेकीशी कशाला भांडतोस, खरं तेच बोलतेय, असं. मग मुलाकडे वळून, "दुकानदार ने दवाई दी गारंटी दित्ती सी?"

सरपंचांनी मान डोलावली. दुकानदाराने दिली होती गारंटी आणि आशू देत नव्हती, तोच तर घोटाळा होता.

रागाच्या भरात माझे काही फार चांगले सौदे झालेले आहेत. हा त्यांतलाच. मी उठलो आणि म्हणालो, "गारंटी मैं देता हूँ. बूटी की नहीं, बुधवार की. बुधवार को अखाड़े की तरफ खुला पानी, कोई बास नहीं. पण एक कोपरा, गुरुद्वाऱ्यासमोरचा नव्हे, पलीकडचा, जिथं आशू सांगेल तिथं, तो कोपरा तसाच राहणार. त्याला कोणी हात लावायचा नाही. औषधाचे कॅन दुकानात परत." अर्धं मराठीतच बोललो. त्यांना कळलं.

"आपकी मशीन तो मिरज में है जी."

"मशीन नको. आपके पास आदमी हैं ना?"

"आदमी" हा शब्द ऐकून बीजी बाजेवरून उतरल्या. "कार सेवा," त्या म्हणाल्या. "इतवार."

रविवार

कार सेवा म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, गावातली पाचपन्नास माणसं येतील, त्यांच्याशी मजुरीचं बोलावं लागेल. मी शनिवारी संध्याकाळी सरपंचांना विचारलंही, की एकेकाला काय द्यायचं. ते हसले नाहीत. हळूच म्हणाले, "सेवा का भाव नहीं होता जी." माझ्या आयुष्यात हे वाक्य मला कोणी म्हणालं नव्हतं. ज्याला भाव नाही त्याच्याशी बोलायचं कसं, मला कळेना.

शनिवारचा दिवस दोरीत गेला. माझी एक जुनी पद्धत आहे. लांब दोरात रिकामे प्लास्टिकचे कॅन ओवायचे, दोर पाण्यावर तरंगतो, आणि तरंगती जलपर्णी एका बाजूला अडवून धरतो. मी मूठभर भुस्सा हवेत उडवून वारा बघितला. दुपारनंतर तो नेमका त्याच कोपऱ्याकडे ढकलत होता. आशूने विचारलं, "काढलेली झाडं कुठे टाकणार?" मी म्हणालो, लगेच ट्रॉलीत, काठावर ठेवली की घसरून परत पाण्यात जातात. ती म्हणाली, नको, एक रात्र काठावर ठेवा, सुकायला लागली की भुंगे उतरून पाण्याकडे चालत जातात. यावर आम्ही तासभर भांडलो. शेवटी ठरलं की ढीग कोपऱ्याच्याच काठावर लावायचे, मधे बांबू आडवे, म्हणजे झाडं घसरणार नाहीत आणि भुंगे मात्र चालत दोरीपलीकडे आपल्या घरी जातील. तिचंही झालं, माझंही. बांबू बांधताना ती गाणं गुणगुणत होती. लहानपणी माझ्या कारखान्यात बोल्ट निवडताना गुणगुणायची तसं.

रविवारी सकाळी आशूच्या दोघा मित्रांनाही घेऊन आलो तर गाव ओळखू येईना. आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टर आले होते. पोरं, म्हातारे, बायका, डोक्याला रुमाल बांधलेले, प्रत्येकाच्या हातात घमेलं. कुणी कुणाला हुकूम देत नव्हतं. माणसं छातीभर पाण्यात उतरून मुळांसकट जलपर्णी ओढत होती, मागच्याच्या हातात देत होती, तो त्याच्या मागच्याच्या, आणि अशी साखळी थेट काठापर्यंत. मधूनच एकजण घोष करायचा आणि सगळं तळं उत्तर द्यायचं. शाळामास्तर कोण आणि गुराखी कोण ते चिखलामुळे कळत नव्हतं. मी काठावर उभा राहून सूचना देणार होतो. पहिल्याच घोषाला कधी पाण्यात उतरलो आठवत नाही. उजवी चप्पल चिखलाने ओढून घेतली ती अजून तिथेच आहे.

लंगर मधेच झाला. पंगतीत जमिनीवर बसलो, डाळ, पोळी, खीर. वाढणारा म्हणतो, "परशादा जी," आणि दोन्ही हात पुढे केल्याशिवाय पोळी मिळत नाही. एका हाताने घेणारा मी आणि लातूरकर डॉक्टर, दोघांना बीजींनी हाताला धरून शिकवलं.

जेवणानंतर पाणी दिसायला लागलं. आधी मैदानाच्या बाजूला, मग मधे. आणि त्याबरोबर माणसांना चेव आला. माझी यंत्रं दिवसभरात जेवढं काढतात त्याच्या कितीतरी पट त्यांनी हातांनी काढलं. आशू ढिगांकडे, पलीकडच्या काठावर, बांबूंपाशी गुंतलेली. मी दोरीजवळ. आणि साखळी सरकत सरकत दोरीपाशी आली.

दोरी म्हणजे काय ते सरपंचांना माहीत, बीजींना माहीत. शेजारच्या गावांतून आलेल्यांना कोण सांगणार? एका तरण्या सरदाराने दोर वर उचलला. त्याच्या मागे दहा-बारा जण.

"रुको! ये नहीं निकालना!"

"अंकल जी, थोड़ा ही तो रह गया."

"ये रखना है!"

"सेवा अधूरी नहीं छोड़ते जी," तो अगदी प्रेमाने म्हणाला, आणि पहिलं झाड उपटलं.

मी खरं सांगायला बसलोय तर हेही सांगतो. त्या क्षणी मला फक्त बाजूला व्हायचं होतं. कोणी मला बोल लावला नसता. तळं आरशासारखं झालं असतं, जसं मला आवडतं तसं, आणि उपटलं की झालं, हे माझं म्हणणं शाबूत राहिलं असतं. पलीकडे आशूने मान वर केली होती. तिला दिसत होतं, पण ती लांब होती. ती ओरडलीही नाही. नुसती उभी राहिली, हातात एक झाड घेऊन, मुळांतून पाणी गळतंय असं.

मी दोरीच्या आत शिरलो आणि हात पसरून जलपर्णीपुढे उभा राहिलो. आयुष्यभर जिचा काळ झालो तिची राखण करत. माझ्या तोंडात मिरजेतल्या सगळ्या शिव्या आल्या होत्या. पण समोर फुकट राबणारी, हसरी, चिखलाने माखलेली माणसं. त्यांच्यावर ओरडायचं कसं? आणि भावही करता येईना. देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, कारण त्यांना काही नको होतं.

मग मी एक पान फाडलं. देठातून भुंगा काढला आणि त्या सरदाराच्या तळव्यावर ठेवला. भुंगा मेल्यासारखा पडला.

"इसको देखो. रुको. हिलना मत."

तो थांबला. त्याच्या मागचे माना पुढे काढून बघायला लागले. भुंगा उठला, तळहातावरून चालत अंगठ्यापर्यंत गेला.

"तीन साल से ये यही बूटी निकाल रहा है," मी म्हणालो. "रात को भी. थंडी में भी. पगार नहीं, लंगर भी नहीं, जो निकालता है वही खाता है. ये भी कारसेवक है जी. इसकी सेवा बाकी है. इसका हिस्सा छोड़ दो."

त्या तरण्याने पुन्हा आपल्या तळव्याकडे बघितलं. मग काठावरून बीजींचा आवाज आला. "रहण दे पुत्त. ओहदी वी सेवा है." राहू दे पोरा, त्याचीही सेवाच आहे, असं.

त्या तरण्याने भुंगा दोन बोटांत अलगद धरून पानावर परत ठेवला, आणि त्याला हात जोडले. खरोखर जोडले. मग दोर जागेवर टाकला. बीजींनी आपल्या पिवळ्या चुन्नीची पट्टी फाडून पाठवली, ती त्याने दोराला बांधली, म्हणजे पुन्हा कोणी चुकणार नाही. उपटलेलं झाडही त्याने परत आत सोडलं.

आशू काठाकाठाने धावत आली होती. तिने सगळं ऐकलं नव्हतं, शेवटचं ऐकलं होतं.

"पप्पा, हे मला प्रबंधात लिहिता येणार नाही."

"का? चुकलं काय?"

"रात्री खातात ते बरोबर. थंडीत सुस्त पडतात, सांगितलं होतं मी."

"गिऱ्हाइकापुढे तेवढं चालतं."

ती हसली आणि माझ्या डोक्यावरचा शेवाळाचा गुंता काढायला लागली. सावकाश काढत होती, तिच्या कामातलं काही असावं तशी.

बुधवार आणि स्टेशन

छिंज बघावी तर तिथली. ढोल, जिलबी, ट्रॅक्टरांवर चढून बसलेली माणसं, आणि मैदानामागे उघडं पाणी, त्यात ढग. वास फक्त तळणाचा. कोपऱ्यात पिवळी पट्टी आणि जांभळी फुलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बीजी बोट दाखवून सांगत होत्या की तिथे कोण सेवेला बसलंय. झंडीची कुस्ती सुटेना, शेवटी बरोबरीत सोडवली. सरपंचांनी माझ्या डोक्याला फेटा बांधला आणि पायांत नवी जुत्ती दिली, एकच हरवली होती तरी जोडी. मी किंमत विचारली नाही. एवढं तरी तिकडे शिकलो.

गुरुवारी आशू स्टेशनवर सोडायला आली. गाडीला वेळ होता.

"गणपतीला ये," मी म्हणालो. "दहाही दिवस."

"दोन."

"आठ. आई वाट बघते."

"भुंगे मोजायचेत पप्पा. तीन."

"पाच. गौरीपर्यंत."

"पाच," ती म्हणाली. मग मला संशय आला. एवढ्या लवकर? मी तिच्या चपलांकडे बघितलं. ती पाचच ठरवून आली होती.

"तुला भाव करता येत नाही ना?"

"येत नव्हता."

गाडी लागली. ती खिडकीशी आली. "पप्पा, एक सांगून ठेवते. नगरपालिकेत पुन्हा बोलावलं तर मी पुन्हा तेच बोलणार. नुसत्या यंत्राने होणार नाही."

मी जरा वेळ घेतला. समोरच्याला अंदाज लागू द्यायचा नसतो.

"बोल," मी म्हणालो. "पण दोरीचं पण बोलायचं."

"बोलेन."

"आणि दोरी कोणाची ते."

"नाव नाही घेणार. 'माझ्या वडिलांची' म्हणेन."

गाडी हलली. मी अजून थोडं ताणलं असतं, पण चालेल म्हणालो.